खाली बघ

"चाफा फुलला का गं?"

माईंचा हा प्रश्न सकाळच्या चहाबरोबर यायचा. चहात एखाद्या दिवशी आलं पडायचं राहील, पण प्रश्न चुकायचा नाही. मी कपबशी पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवली, पदराला हात पुसले आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून फाटकाजवळच्या झाडाकडे पाहिलं.

"नाही हो माई. पान नाही की फूल नाही. शिक्षा म्हणून उभ्या केलेल्या पोरासारखा नुसता हात वर करून उभा आहे."

"पान कशाला असेल? तू खाली बघ."

झालं. सकाळी सात वाजता, तोंडात चहाचा घोटसुद्धा गेला नव्हता, तोवर मला माझी पायरी दाखवून झाली. मी डोकं आत घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन कणकेला असं तिंबलं, असं तिंबलं की त्या दिवशीच्या पोळ्या कधी नव्हे त्या मऊ झाल्या.

याला आता पंचवीस वर्षं होतील. ह्यांची नोकरी बदलीची. नांदेड, अकोला, धुळे अशी प्रदक्षिणा घालून आम्ही त्या दिवाळीत साताऱ्याला माईंकडे कायमचे राहायला आलो. डोंगराच्या पायथ्याशी मामंजींनी निवृत्तीनंतर बांधलेलं चार खोल्यांचं घर, पुढे अंगण, अंगणात आंबा, फाटकाशी चाफा. त्याआधी आम्ही यायचो ते दिवाळीपुरते, चार दिवस, फराळ संपेपर्यंत. त्यामुळे त्या बागेतला चैत्र मी कधी पाहिलाच नव्हता. पौषात माई न्हाणीघरात घसरल्या, खुबा मोडला, आणि अंगणाकडच्या खिडकीशी त्यांचा पलंग लागला. पलंगावरून त्यांना आंब्याचा शेंडा दिसायचा, पलीकडचा डोंगर दिसायचा, डोंगरावरचा लालभडक पांगारा दिसायचा. खिडकीच्या चौकटीखालचं मात्र काही दिसायचं नाही. ते बघायला मी होते.

आणि मला कीर्तनाचं वेड. अजूनही आहे. कुठं टाळ वाजला की माझी भाजी करपलीच म्हणून समजा. पण कीर्तनानं मला एक खोड लावली होती, शब्द ऐकला की त्याच्या आतला अर्थ काढायचा. बुवा घागर म्हणाले की मी समजायची देह, दोर म्हणाले की श्वास. होता होता ही खोड एवढी मुरली की दूधवाला "आज जरा पातळ आहे बरं का बाई" म्हणाला तरी मी संसाराच्या असारतेवर मान डोलवायची आणि दूध तसंच घ्यायची.

अशा कानांना सासू मिळाल्यावर काय होणार? त्यातून माईंचे टोमणे नावाजलेले. आधी एक बारीक खोकला, मग टोमणा. "खॉक्. आमच्या वेळी पोळी फुगायची." "खॉक्. नांदेडला मीठ महाग असेल." ह्यांना त्यातलं काही ऐकू यायचं नाही, पुरुषांचे कान देवानं बायकोच्या आणि आईच्या मधोमध बसवलेले असतात, दोन्हीकडचं काही पोचत नाही. मला मात्र सगळं पोचायचं. माई बोलल्या नाहीत तेसुद्धा पोचायचं.

तर हे "खाली बघ". लग्नात उंबरठ्यावरचं माप ओलांडताना मी घर बघायला मान वर केली होती, तेव्हा माईंनी भरल्या मांडवात हेच दोन शब्द उच्चारले होते. आता माझ्या डोक्यात पांढरे केस दिसायला लागले होते, आणि रोज सकाळी, चाफ्याचं निमित्त करून, तेच दोन शब्द. मान वर करून चालतेस, खाली बघ. इतका उघडा अर्थ, तो काढायला कीर्तनं ऐकावी लागत नाहीत.

त्या वर्षी रामनवमीला गोपाळबुवा आष्टेकर येणार होते. बारा वर्षांपूर्वी, मामंजी होते तेव्हा, रामजन्माचं कीर्तन त्यांनी आमच्याच अंगणात केलं होतं. आता त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. पेटीवर साथ करणारे पेंढारकर मास्तर कॉलनीच्या मंडळाचे चिटणीस, ते सांगत आले, "बुवांनी कळवलंय, हॉलमध्ये पंख्याखाली उभा राहणार नाही. झाडाखाली म्हणेन. बहुधा शेवटचंच." कॉलनीत कीर्तनाजोगी अंगणं दोन. एक आमचं आणि दुसरं शेजारच्या सबनीसवहिनींचं. मंडळींनी पाडव्याला संध्याकाळी दोन्ही बागा बघायच्या आणि ठरवायचं, असं ठरलं.

मी माईंना सांगितलं तेव्हा त्यांनी उशीवर कोपर टेकून अंग उचललं. मग म्हणाल्या, "इथं व्हायला हवं कुमुद. मला कुठं उठून जाता येतंय? इथं झालं तर पाळण्यावर माझ्या हातानं चाफा घालीन. बुवांसमोर. एवढंच राहिलंय."

"होईल माई. इथंच होईल. आणि चाफा फुलला की आधी तुम्हाला आणून देईन."

ते मी मनापासून म्हटलं होतं. पण खोटं कशाला बोलू? माईंच्या इच्छेच्या पाठीमागे माझी इच्छा अशी दडून उभी होती, जशी कुकवाला जाताना लेकीच्या मागे आई असते. पुढे लेक, डोळा मात्र आईचा, खिरापतीवर. बुवा आमच्या आंब्याखाली, पुढे चारशे माणसं, हार घालायला यजमानीण म्हणून मी, आणि समोर सबनीसवहिनींचं तोंड. हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

सबनीसवहिनींच्या बागेचं वर्णन मी त्या काळी भरभरून करत असे, ऐकणारे भेटले की. त्यांच्या कारंज्यात पाणी नव्हतं, दगडी बगळा होता. मांडवावर वेल नव्हता, पण द्राक्षं होती. गणपतीच्या मखरातून उतरवलेली, प्लास्टिकची, धुऊन टांगलेली. एकदा एका बुलबुलानं त्यातलं एक टोचलं आणि आमच्या आंब्यावर येऊन संध्याकाळपर्यंत शिव्या दिल्या. कुंपणाला कागदी बोगनवेल. "वहिनींकडे वसंत बारा महिने असतो," मी म्हणायची, "रंग उडाला की नवा आणतात."

पण हसता हसता मी कुंपणाशी उभी राहून दोन्ही बागा ताडून पाहायची. त्यांची बाग लांबून झगझगायची आणि आमची? आंब्याखाली कैऱ्या बारीक बारीक गळून पडलेल्या, मोगऱ्याला कळ्या पण मुक्या, कडुनिंबाचा तुरा सुरेख पण तो शोभेत मोजत नाहीत. आणि नेमका माईंच्या खिडकीखाली तो कोपरा. दोन हात लांब, दीड हात रुंद, फुटक्या कौलांनी आखलेला, आणि आत काही नाही. नुसती माती. तणसुद्धा नाही.

"माई, खिडकीखाली चार रोपं लावते. मंडळी येणार आहेत."

"कोपऱ्याला हात लावायचा नाही."

"अहो, पण तिथं आहे काय?"

"आहे."

"दिसत तर नाही."

"दिसत नाही म्हणजे नाही का?"

आता हे वाक्य मी किमान दहा बुवांच्या तोंडून ऐकलेलं. मी तत्काळ अर्थ काढला. सासूचं राज्य खाटेवरून चालतं आहे, ते दिसत नसलं तरी आहे, असं बजावणं चाललंय. रात्री ह्यांना सांगितलं तर हे वर्तमानपत्राच्या आडून म्हणाले, "आईचा कोपरा आहे. राहू दे की." कोपरा आईचा, खिडकी आईची, मुलगा आईचा. माझं काय, तर कपबशी.

पाडवा म्हणजे साडेतीन मुहूर्तांतला एक. काय आरंभाल ते तडीस जातं. मी सकाळी गुढी उभारली, सगळ्यांच्या हातावर कडुनिंबाची चटणी ठेवली, माईंना न्याहारी दिली. त्या चाफ्याचं विचारायच्या आत मी खोलीबाहेर पडले. नऊ वाजता त्यांचा डोळा लागला असं पाहून मी कुदळ घेतली आणि त्या शुभ मुहूर्तावर खिडकीखाली पहिला घाव घातला.

माती भुसभुशीत निघाली. चार घावांत खालून गड्ड्यांचा एक झुपका वर आला. हळदीसारखे, पण काळपट, वेडेवाकडे, खाली दोऱ्यांना भुईमुगाच्या शेंगा लोंबाव्यात तशा गाठी लोंबलेल्या. काहींच्या टोकाला जांभळट अणकुचीदार कोंब. वांग्याच्या सालीचा रंग. सडलंय, मी म्हटलं. मनात जरा समाधानच वाटलं. एवढा जपलेला कोपरा आणि आत काय, तर सडकी हळद! पाटीभर गड्डे उचलले आणि मागच्या दगडी गडग्यावरून डोंगराच्या बाजूला भिरकावले.

सबनीसवहिनी गच्चीत गुढीला साखरेची माळ बांधत होत्या. वरून ओरडल्या, "काय टाकताय हो कुमुदताई?"

"सडकी हळद!"

"अस्सं?" म्हणाल्या, आणि कठड्यावरून वाकून गडग्यापलीकडे बघत राहिल्या. चौकस बाई. दुसऱ्याच्या केरातसुद्धा डोकं.

मग मी रोपवाटिकेतून आणलेली पिटुनियाची डझनभर रोपं कोपऱ्यात मांडली. लावली म्हणायचं, खरं म्हणजे काळ्या पिशव्यांसकट पुरली, कारण पिशवी फाडली तर रोप धक्का खातं आणि मला संध्याकाळी पाचला फूल हवं होतं. गुलाबी, जांभळी, पांढरी, एकसारख्या उंचीची. प्लास्टिकची द्राक्षं लावणारीनं लाजावं, इतकी शिस्तीत.

मंडळी आली. सबनीसवहिनींच्या द्राक्षांना पेंढारकर मास्तरांनी बोट लावून पाहिलं आणि बोट शर्टाला पुसलं. आमच्याकडे आल्यावर खिडकीखाली थबकले. "वा! याला म्हणतात वसंत!" पाच मिनिटांत निकाल लागला. मी आत धावले.

"माई! कीर्तन आपल्या अंगणात! ठरलं!"

माई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. "बरं झालं," म्हणाल्या. बस. तेवढंच. ना खोकला, ना टोमणा. मी त्याचाही अर्थ काढला, सून जिंकली हे पचायला जड जातंय.

दुसऱ्या दिवशी चहा नेला. स्टुलावर कपबशी ठेवली आणि वाट पाहिली. माईंनी कप उचलला, चहा प्यायल्या, कप खाली ठेवला. प्रश्न आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशीही नाही. साताऱ्याला आल्यापासून पहिल्यांदा माझ्या सकाळी शांततेच्या झाल्या, आणि मी रामाला हात जोडून म्हटलं, बाबा रे, तुझ्या पायी सासूची जीभ थकली.

पंचमीला फाटकाजवळचा चाफा फुलला. नागव्या फांदीच्या टोकाला पाच फुलांचा गुच्छ, पांढरा, आत हळदीचं बोट लावल्यासारखा पिवळा. मी शिडी लावून तोडला आणि तबकात घालून माईंपुढे धरला. "घ्या! फुलला तुमचा चाफा! बोलल्याप्रमाणे आधी तुम्हाला."

माईंनी फुलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला ओळखीचा होता.

"हा खुरचाफा," त्या म्हणाल्या. "देवापुढे ठेव." आणि डोळे मिटले.

शिडीवर चढून आणलेल्या फुलांचं हे कौतुक! मी ती देवापुढे आदळली. रामानं काही तक्रार केली नाही, त्याला वनवास नवा नाही.

नवमीला सकाळी नऊपासून अंगण भरू लागलं. आंब्याखाली सतरंज्या, मध्ये बुवांना उभं राहायला पाट, बाजूला पेटी-तबला, समोर झेंडूनं मढवलेला पाळणा. सुंठवड्याचा वास दरवळला आणि एरवी कीर्तनाकडे पाठ फिरवणारी मंडळी पहिल्या रांगेत येऊन बसली. भक्तीचा रस्ता काहींना जिभेवरून जातो. माईंना मी नवं लुगडं नेसवलं, पाठीशी उशा लावून खिडकीत बसवलं. पाळणा त्यांच्या हाताच्या अंतरावर येईल असा मांडला होता. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, काय ही सून! तसं वाटावं म्हणून पडदाही पूर्ण सरकवला होता. पिटुनियांनी तेवढी आठ दिवसांच्या उन्हानं माना टाकल्या होत्या. पिशवीतल्या मुळांना जायला जागा नव्हती ना.

दहा वाजता बुवा आले. पांढरं धोतर, लाल पगडी, उपरणं, काठी टेकत. फाटकातून आत येताच मान खाली घातली आणि पाऊल अगदी जपून, चाचपून टाकत पाटापर्यंत गेले. मला वाटलं, डोळे अधू झाले असतील बिचाऱ्यांचे.

नमन झालं. आवाज थोडा फाटला होता, पण गोडी तीच. टाळ्यांत गजर झाला. मग बुवांनी चिपळ्या थांबवल्या आणि हसले.

"मंडळी, निरूपणाला पद घेणार होतो. पण आधी या अंगणाचं एक ऋण फेडतो. बारा वर्षांमागं मी इथं आलो. असाच चैत्र. नाव झालेलं, गळा शाबूत, त्यामुळे मान वर. आकाशातल्या रामाकडे बघत मी त्या खिडकीच्या दिशेनं चाललोय, आणि एकदम एक बाई ओरडली, 'बुवा, खाली बघा!'"

मी हात जोडून बसले होते. हात जुळलेले तसेच राहिले.

"मी चपापलो. म्हटलं, काय आहे बाई? साप? म्हणाली, 'चाफा आहे.' मी आपला वर बघतोय. चाफा वर असतो, नाही का? तर म्हणते, 'तो खुरचाफा हो. तो कुणालाही दिसतो. हा भुईचाफा. माझ्या माहेरचा, राजापूरचा. वर्षभर तिथं काही म्हणजे काही दिसत नाही. पावसाळ्यात हळदीसारखी पानं येतात आणि जातात. मग नुसती माती. आणि चैत्रात पान नाही, फांदी नाही, मातीतून एकदम फूल.' मी खाली बघितलं. माझ्या अंगठ्यापासून चार बोटांवर फूल होतं मंडळी! मी उमटवणार होतो त्यावर पाऊल! आजन्म लोकांना सांगत आलो, आत बघा, पलीकडे बघा, अर्थ बघा. मला कुणी सांगितलं नव्हतं की बुवा, नुसतं पायाखाली बघा."

अंगण हसलं. बुवाही हसले, मग खिडकीकडे वळून त्यांनी हात जोडले.

"माई, ओळखलंत ना? कुठं आहे आपला चाफा? त्या खिडकीखालीच होता."

चारशे माना वळल्या. खिडकीखाली बारा पिटुनिया काळ्या पिशव्यांच्या कडा दाखवत लोळत होत्या.

मला कुणी आजही झोपेतून उठवून विचारलं, लाज कशी असते, तर मी तिचं माप सांगू शकते. दोन हात लांब, दीड हात रुंद. माईंनी खिडकीची चौकट धरली होती. बुवा वाट पाहत उभे. तबलजीनं उगाच बोटांना पावडर लावली.

इतक्यात बायकांच्या रांगेतून सबनीसवहिनी उठल्या. चालत्या कीर्तनातून उठू नये हे लहान पोरालाही ठाऊक असतं. आणि ह्या उठल्या, सगळ्यांच्या गुडघ्यांवरून पाय टाकत फाटकाबाहेर गेल्या. मी मनात म्हटलं, जा बाई जा, घरोघर सांगत जा. आज तुझा दिवस आहे.

त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात वनस्पती तुपाचा जुना गंजका डबा होता. डब्यात माती, आणि मातीला लागून, पान नाही, देठ नाही, एक फूल. चार अरुंद पांढऱ्या पाकळ्या आणि खाली एक जांभळी पाकळी, मधोमध चिरलेल्या जिभेसारखी. वास आधी पोचला, फूल मागाहून.

"हा घ्या बुवा," वहिनी धापा टाकत म्हणाल्या. "माईंचाच आहे. त्यांनीच मला गड्डे दिले होते, पाडव्याला. त्यांच्या कोपऱ्यातल्या मातीला आता विश्रांती हवी होती म्हणून."

एवढं सफाईदार खोटं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते मला जास्त लागलं.

डबा खिडकीशी नेला. माईंनी खिडकीतून हात बाहेर काढला, फूल मुळाशी दोन बोटांत धरून अलगद खुडलं. बारा वाजले. बुवांनी रामजन्माचा गजर केला, गुलाल उधळला, आणि माईंनी त्यांच्यासमोर, स्वतःच्या हातानं, पाळण्यावर चाफा घातला. त्यांचे डोळे वाहत होते. माझेही, पण माझं गुलालावर खपून गेलं.

दुपारी अंगण रिकामं झाल्यावर मी माईंच्या खोलीत गेले. पायाशी बसले.

"माई, तो कोपरा मी..."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"पाडव्यापासून. पाय मोडलाय गं माझा, कान नाही मोडले. डोक्याशी कुदळ वाजली तर ऐकू येणार नाही?"

"मग ओरडला का नाहीत?"

"पहिल्या घावात जायचं ते गेलं होतं," माई म्हणाल्या. "आणि ओरडले असते तर तू त्याचाही अर्थ काढला असतास."

मी चादरीचं टोक सरळ करत राहिले.

"रोज सांगत होते, खाली बघ, खाली बघ. खिडकीतून डोकं काढायचीस ती त्या खुरचाफ्याकडेच. नाकाखाली होता."

"मला वाटलं, टोमणा आहे."

माई हसल्या. खुबा मोडल्यापासून पहिल्यांदा हसल्या असतील. "टोमणा? टोमणे मी मारते की. पण आधी खोकते ना मी! वीस वर्षांत एवढंही कळलं नाही तुला?"

संध्याकाळी मी सबनीसवहिनींकडे सुंठवडा घेऊन गेले. त्या मांडवाखाली प्लास्टिकची द्राक्षं पुसत बसल्या होत्या. मी सुंठवड्याची वाटी त्यांच्यापुढे ठेवली.

"गड्डे ओळखलेत तुम्ही," मी म्हटलं.

"गच्चीतूनच ओळखले. कोंब जांभळे दिसले ना. माझ्या आजोळी दापोलीला विहिरीकाठी होता. तुम्ही आत गेल्यावर गडग्यापलीकडून वेचून आणले. परत द्यायला येणार होते हो, पण तुम्ही पिटुनियात होता." मग द्राक्षाचा एक घोस उचलून म्हणाल्या, "आमच्याकडे सगळा मुरूम. लावीन ते मरतं. वीस वर्षं लावून बघितलं, मग ही टांगली. डब्यात म्हटलं जगेल तर जगेल."

मी घरी येऊन माईंना विचारलं, गड्डे परत मागून आणू का? पुन्हा कोपऱ्यात लावू.

माईंनी विचार केला. एक बारीक खोकला आला.

"खॉक्. राहू दे तिच्याकडे. तिला ओळखता येतो."

तो टोमणा होता. मला कळला. अगदी स्वच्छ कळला, आणि मी त्यातून काही काढलं नाही, काही घातलं नाही, तसाच्या तसा घेतला.

माई त्यानंतर चार चैत्र होत्या. गोपाळबुवा पुन्हा आले नाहीत. वहिनींनी डब्यातून चाफा टोपलीत, टोपलीतून दहा पाट्या विकतच्या मातीत नेला. आता त्यांच्या मांडवाखाली भुई दिसत नाही एवढा फुलतो. द्राक्षं अजून आहेत. कीर्तन हल्ली हॉलमध्येच होतं, पाळणा मात्र आमच्या घरून जातो. म्हणून दर रामनवमीला सकाळी मी वाटी घेऊन सबनीसवहिनींच्या फाटकाशी उभी राहते, एक फूल मागायला. त्या आता पंच्याहत्तरीच्या आहेत. ओसरीवरच्या खुर्चीतूनच ओरडतात, "या हो कुमुदताई, घ्या तुमच्या हातानं. पण खाली बघून या हं!"

मी फाटकात क्षणभर थांबते आणि कान देते. आधी खोकल्या का?

नाही खोकल्या. मग मी खाली बघून आत जाते.